मागचे डावे आसन

"सदर वाहन अस्तित्वात असल्यास ते येत्या तीस तारखेस कार्यालयीन वेळेत, स्वतःच्या शक्तीवर चालवत, मालकासह हजर करावे, अन्यथा ते अस्तित्वात नाही असे समजून त्याची नोंद रद्द करण्यात येईल व वाहन भंगारात जमा करून घेतले जाईल," असे पत्र वाहन नोंदणी कार्यालयाकडून आले, तेव्हा दशांशरावांनी पहिला आक्षेप घेतला तो तर्कावर. जी वस्तू अस्तित्वात नाही, ती भंगारात जमा कशी करून घेणार? हा प्रश्न त्यांनी समासात पेन्सिलने लिहिला आणि मगच चष्मा काढला.

दशांशराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. वजनमापांच्या शासकीय प्रयोगशाळेत छत्तीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांना कोणी "किती वाजले?" असे विचारले, तरी ते आधी घड्याळ किती सेकंद पुढे आहे ते सांगत. त्यामुळे गल्लीने हे नाव ठेवले होते आणि ते निवृत्तीनंतरही चालू राहिले. पुराव्यावाचून ते कशावरही विश्वास ठेवत नसत. हवामानाच्या अंदाजावर नाही, शेजाऱ्याच्या औषधावर नाही, आणि स्वतःच्या आठवणीवर तर मुळीच नाही.

पत्रातले वाहन म्हणजे 'थोरली'. ही चार दारांची, गोल पाठीची, वडिलांच्या वेळची मोटार घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षे उभी होती. घरात ती दशांशरावांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी आली, म्हणून वडील तिला थोरली म्हणत. दशांशराव एकुलते एक असूनही जन्मभर धाकटे राहिले ते तिच्यामुळे.

"जाऊ दे भंगारात," पत्नी म्हणाली. "शेडमध्ये वाळवण तरी घालता येईल."

आई खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होती. वय चौऱ्याऐंशी, वजन सेहेचाळीस पूर्णांक आठ किलो (हे दशांशरावांनी स्वतः घेतलेले). तिने वर्तमानपत्र खाली न घेता सांगितले, "खुशाल जाऊ दे. टेम्पो मात्र जरा मोठा मागव. तिच्याबरोबर मलाही बसायचंय."

झाले. प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

इथे वडिलांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते तारखात्यात होते. तारेच्या मार्गाने मैलोन्‌मैल चालत जायचे, खांबावर चढायचे, प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबून पाहायचा आणि त्याला जस्ताचा एक छोटा बिल्ला तारेने बांधायचा, हे त्यांचे काम. बिल्ल्यावर ठशांनी तारीख उमटवायची आणि तीनपैकी एक शेरा: 'पक्का', 'बदला' किंवा 'असू द्या'. तिसरा शेरा क्वचित मिळे. सांधा सदोष आहे, पण काम देतो आहे आणि त्याला हात लावण्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त आहे, असे तपासनिसाचे मत झाले तरच.

ही सवय वडिलांनी घरीही आणली. खिडक्यांच्या कड्या, नळाची तोटी, शिलाई मशीनचे पायडल, सगळ्यांना बिल्ले असत. दर वर्षी तपासणी होई आणि नवा बिल्ला जुन्याच्या शेजारी बांधला जाई. दशांशरावांच्या सहावीच्या प्रगतिपुस्तकालाही, भाषेच्या गुणांपाशी, एकदा 'असू द्या' असा बिल्ला लागला होता.

असा माणूस मोटार सुरू करताना मात्र निव्वळ विधी करी. आधी आईने मागे डाव्या बाजूला बसायचे. खाली जाड कापडाची एक घडी, ती तिची स्वतःची. दुसऱ्या कोणी त्यावर बसायचे नाही. मग वडील बोनेटवर दोन थापा मारत, चोक दोन बोटे ओढत आणि मागे न बघता विचारत, "निघूया का?" आई म्हणे, "निघा." त्यानंतरच किल्ली फिरे, आणि थोरली एकदा खोकून, एकदा हसून सुरू होई. गल्लीतली माणसे कामे टाकून दारात येत. दोन दारांमधल्या खांबातून, वळायची दिशा दाखवणारा पिवळा हात टक्‌ करून बाहेर पडे. पुढच्या खिडकीची तिकोनी काच उघडली की पेट्रोल, तापलेले रेक्झिन आणि वडिलांचे केसांचे तेल यांचा मिळून एक वास येई, जो दशांशरावांना पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत वेगळा काढता आला नाही. वळणावर मागच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक किणकिण ऐकू येई. चढावर रेडिएटर उकळला की सगळे खाली उतरत, बोनेट उघडून वाफेकडे बघत उभे राहत आणि कोणालाही घाई नसे.

चौदाव्या वर्षी, विज्ञानाची पहिली बाधा झाल्यावर, त्यांनी वडिलांना विचारले होते, "आई बसल्यावरच गाडी सुरू होते, ही अंधश्रद्धा नाही का?"

"असेल," वडील म्हणाले. "पण ती बसल्याशिवाय होत नाही, हे निरीक्षण आहे. कारण तू शोध."

दशांशरावांनी कारण शोधले नाही, कारण निरीक्षणच त्यांना मान्य नव्हते. वडील गेल्यानंतर त्यांनी एकदा, अगदी एकदाच, किल्ली फिरवून पाहिली होती. काही झाले नाही. शेडच्या दारातून आई म्हणाली होती, "मी बसते हवं तर." यांनी तिला समजावले की यंत्राला भावना नसतात, आणि शेडला कुलूप लावले. त्या कुलपाची किल्ली आता सापडत नव्हती.

कुलूप तोडण्यापासून सुरुवात झाली. पहिला सल्ला समोरच्या घरातल्या निवृत्त स्टेशनमास्तरांचा होता. आयुष्यभर इतरांना थांबवण्याचा आणि सोडण्याचा पगार घेतलेला हा गृहस्थ, हातात काठी घेऊन रोज सकाळी शेडसमोर हजर राहू लागला.

"टायर आधी," ते म्हणाले. "चाक फिरल्याशिवाय गाडी नाही."

"इंजिन आधी," दशांशराव म्हणाले.

"अहो, इंजिन असून काय करता? यार्डात अशी इंजिनं मी छप्पन्न पाहिलीत. चाकं जाम, म्हणून उभी."

टायर निघाले, ट्यूब फाटल्या आणि त्या मापाच्या ट्यूब जगात कुठेही बनत नाहीत असे चार दुकानांतून कळले. पाचव्या दुकानदाराने एका छोट्या ट्रॅक्टरच्या चालतील असे सांगितले; त्या बसल्या, पण मागे जरा जास्तच फुगल्या. आता थोरली मागून चार बोटे उंच दिसू लागली, जणू कोणाला वाकून नमस्कार करते आहे. दशांशरावांनी उतार मोजला: दोन पूर्णांक एक अंश.

मग आला मिस्त्री. हा साठीचा, कमी बोलणारा कारागीर बोनेट उघडून पाच मिनिटे नुसता बघत राहिला.

"काय झालंय?" दशांशरावांनी विचारले.

"काही नाही झालं साहेब. हेच बघतोय. बावीस वर्षं उभी आहे आणि काही नाही झालं." त्याने पंख्याला बोट लावले. पंखा हलला. "असं लोखंड आता ओततच नाहीत."

त्याने आपली बॅटरी आणली, तिच्या तारा थेट इंजिनाला जोडल्या, आणि स्टार्टर गरगरला. याचा अर्थ यंत्र ठीक. पण थोरलीची स्वतःची बॅटरी मागच्या आसनाखाली असे. उजव्या बाजूचे झाकण उघडून ती ठेवायची. तिथे नवी बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली, तर काटाही हलला नाही. बॅटरी बदलली. किल्लीचा खटका बदलला. जाड वायर बदलली. हँडल मारून पाहिले. हँडलने उलटा झटका देऊन मिस्त्रीचे मनगट तीन दिवस सुजवले. मागचे आसनच काढून बघू म्हटले तर त्याचे बोल्ट गंजून गाडीच्या तळाशी एकजीव झालेले. पुढचा कप्पा मात्र उघडला. त्यात वडिलांचा पत्र्याचा डबा होता: कोरे बिल्ले, ठसे, छोटी हातोडी, बारीक तारेचे भेंडोळे. दशांशरावांनी झाकण उघडले, बघितले आणि हलकेच लावले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही मोजले नाही.

"ढकलू," स्टेशनमास्तर म्हणाले. "उतारावर सोडू. एकदा सुटली की सुटली."

गल्लीतली आठ माणसे लागली. थोरली सुटली. सुरू मात्र झाली नाही. उताराच्या टोकाला शिंप्याच्या दुकानाच्या पायरीला टेकून उभी राहिली. चढावर परत ढकलायला आठांपैकी एकही मिळाला नाही. तीन दिवस ती तिथेच होती. पहिल्या दिवशी शिंप्याने तक्रार केली, दुसऱ्या दिवशी तिच्या दारांना शिवलेले कोट अडकवले, आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्री तिला ओढून न्यायला आला तेव्हा त्याने विचारले, "एवढ्यात नेताय? गिऱ्हाइकं थांबून बघतात हो. परवा एक बाई आली, म्हणाली, आम्ही लग्न होऊन अशाच गाडीतून आलो. दोन झबली शिवायला टाकून गेली."

दरम्यान कार्यालयाची आघाडी वेगळीच पेटली होती. नोंद वडिलांच्या नावावर, त्यामुळे आधी आईच्या नावावर हस्तांतर. मग रंगाचा रकाना. पुस्तकात 'धूसर निळा' होते. थोरली आता अंगावर पाच रंग बाळगून होती, त्यांपैकी दोन गंजाचे. मग गाडीचा ठशातला क्रमांक कागद ठेवून पेन्सिलने घासून उतरवायचा. दशांशरावांनी तो मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन पेन्सिलींनी उतरवून नेला.

"हा तीन आहे की आठ?" खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"आठ. डावीकडची कड सुमारे चाळीस टक्के झिजलेली आहे."

"साहेब, तुमच्या प्रयोगशाळेत काहीही चालत असेल. इथं एक तर तीन, नाही तर आठ. चाळीस टक्के आठ मी कुठं लिहू?"

छत्तीस वर्षे ज्याच्या सहीवर बाजारातले सगळे तराजू खरे ठरत होते, त्याला एका आकड्याच्या खरेपणासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. ते परतले. घरी कोणी विचारले नाही. त्यांच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरून सर्वांना कळले.

सव्वीस तारखेला सकाळी मिस्त्रीने कार्बोरेटर तिसऱ्यांदा साफ केला. दशांशराव पुढे बसून दर दोन मिनिटांनी किल्ली फिरवत होते आणि वहीत शून्य लिहीत होते. आई उन्हात उभी राहून कंटाळली. मागचे डावे दार उघडून ती आत शिरली, जागेवर अजून पडलेली ती घडी तिने झटकली, पुन्हा अंथरली आणि तिच्यावर बसली. दशांशरावांनी एकविसावे शून्य लिहिण्याच्या तयारीने किल्ली फिरवली.

थोरली एकदा खोकली. एकदा हसली. आणि सुरू झाली.

त्या क्षणाचे वर्णन करताना मोजमाप उपयोगी पडत नाही. शेडचा पत्रा थरथरला, छपरावरची बावीस वर्षांची धूळ पडद्यासारखी खाली आली, आणि तिच्यामागून तो जुना, खोल, सावकाश आवाज आला, जो ऐकून समोरच्या घरातली एक म्हातारी चहाचा कप हातात घेऊनच रस्त्यावर आली. मिस्त्रीने हातातले फडके छातीशी धरले. स्टेशनमास्तरांनी नकळत काठी वर केली, झेंडा दाखवावा तशी. मागून आई समोरच्या काचेकडे बघत कोणाला तरी म्हणाली, "निघा."

"कार्बोरेटरच होता," मिस्त्री म्हणाला.

"होय," दशांशराव म्हणाले, आणि वहीत कारण म्हणून तेच लिहिले. पुढच्या चार दिवसांत थोरली सात वेळा सुरू झाली. सातही वेळा आई मागे होती, कारण ती उतरायलाच तयार नव्हती. ही गोष्ट वहीत नव्हती.

तीस तारखेला दुपारी तीन वाजता थोरली नोंदणी कार्यालयाच्या अंगणात शिरली, आणि अंगणातली रांग मोडली. नव्याकोऱ्या गाड्या सोडून माणसे तिच्याभोवती गोळा झाली. पिवळा हात टक्‌ करून बाहेर आला, तसा एक पोक्त शिपाई "अरे!" एवढेच म्हणाला आणि तो हात परत आत जाईपर्यंत जागचा हलला नाही. कोणी तिकोनी काच उघडून बघितली, कोणी नाक आत घालून वास घेतला. खिडकीतला तो कारकूनसुद्धा बाहेर आला आणि हलक्या हाताने क्रमांकाच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाला, "आठच आहे की."

निरीक्षक तरुण होता, इस्त्रीचा होता आणि नियमाचा होता. "माझ्यासमोर तीनदा सुरू करायची. चालक सोडून सगळ्यांनी उतरा."

आई उतरली आणि बाकावर बसली. दशांशरावांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. मिस्त्री बोनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला. गेटाशी एक टेम्पो उभा होता, आणि तो कशासाठी उभा आहे हे कोणी कोणाला विचारले नाही.

"मी बसल्याशिवाय व्हायची नाही," बाकावरून आई म्हणाली.

"आई, चारचौघांत तरी..." दशांशरावांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"आजी, चाचणीत प्रवासी चालत नाही," निरीक्षक म्हणाला. "साहेब, पाचला गेट बंद होतं. पाचपर्यंत झाली तर झाली. नाहीतर मला सही करावी लागेल, आणि ती मला आवडणार नाही."

पावणेचार वाजले होते. दशांशराव आसनावर बसून राहिले. समोर वही होती आणि वहीत त्यांच्याच अक्षरात शून्ये होती. सव्वीस तारखेच्या त्या सकाळपर्यंतची सगळी शून्ये आईविना. नंतरचे सगळे आकडे आईसह. हा रकाना त्यांनी आखलाच नव्हता. कनिष्ठ सहायकाने अशी वही आणली असती, तर त्यांनी ती त्याच्या टेबलावर परत आपटली असती.

ते खाली उतरले. "निरीक्षकसाहेब, चाचणी बाजूला ठेवा. मला एक प्रयोग करायला परवानगी द्या. बारा वेळा किल्ली फिरवायची, सहा वेळा आई आत, सहा वेळा बाहेर. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवायचा."

"कशासाठी?"

"मी चूक आहे का, ते बघण्यासाठी."

हे वाक्य दशांशरावांच्या तोंडून स्टेशनमास्तरांनी तीस वर्षांत ऐकले नव्हते. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

चिठ्ठ्या निरीक्षकाच्या टोपीत पडल्या. कारकून एकेक काढून मोठ्याने वाचू लागला. "आत!" सुरू. "बाहेर!" बंद. "बाहेर!" बंद. "आत!" सुरू. आई दर वेळी सावकाश उठे, सावकाश बसे, घडी सारखी करी. सहाव्या चिठ्ठीनंतर गर्दीतली माणसे निकाल बोटांवर मोजू लागली. नवव्यानंतर शिपायाने आईसाठी पाणी आणले. बाराव्यानंतर हिशेब झाला. आत सहा, सुरू सहा. बाहेर सहा, सुरू शून्य.

"निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता," दशांशराव म्हणाले, "नऊशे चोवीसात एक."

निरीक्षकाने टोपी पुन्हा डोक्यावर घातली नाही.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पण दशांशरावांना आता निरीक्षण मान्य झाले होते, आणि वडिलांचे दुसरे वाक्य बाकी होते. कारण तू शोध. "आई," ते म्हणाले, "तू आहेस म्हणून की तुझं वजन आहे म्हणून, ते बघायला हवं."

"बघ," आई म्हणाली. "घडी तेवढी काढून घे. ती माझी आहे."

स्टेशनमास्तरांना मागच्या डाव्या आसनावर बसवण्यात आले. वजन त्र्याऐंशी. किल्ली फिरली. थोरली सुरू झाली.

"आली लाईनवर!" स्टेशनमास्तर आतून ओरडले. बाहेर मात्र कोणालाच आनंद झाल्यासारखे दिसले नाही. मिस्त्री जमिनीकडे बघू लागला. म्हणजे कोणीही चालते. एखादे पोतेही चालले असते. दशांशरावांनी कारण शोधले होते, आणि ते शोधल्याचा त्यांना प्रथमच पश्चात्ताप होत होता. आई घडी मांडीवर घेऊन बाकावर स्वस्थ बसली होती.

"आसन काढा," ते मिस्त्रीला हळू आवाजात म्हणाले.

या वेळी गंजलेल्या बोल्टांना दया दाखवण्यात आली नाही. कार्यालयातल्या करवतीने ते कापले. आसन वर उचलले तशी किणकिण झाली. वळणावरची, मागच्या डाव्या कोपऱ्यातली, साठ वर्षे स्प्रिंगच्या नावावर जमा असलेली ती किणकिण. खाली बॅटरीची अर्थिंगची पट्टी गाडीच्या तळाच्या पत्र्याला जोडलेली होती आणि तो सांधा सैल होता. आसनाच्या लाकडी पट्टीवर भार आला, की सांधा दाबला जाई आणि वीज वाहू लागे. भार उठला, की सुटे. आणि त्या सांध्याला, बारीक तारेने, एकाशेजारी एक, जस्ताचे बिल्ले बांधलेले होते.

दशांशराव गुडघ्यांवर बसले. पहिल्या बिल्ल्यावर गाडी घरात आली त्या वर्षाची तारीख होती. त्यांनी एकेक बिल्ला अंगठ्याने पुसला. प्रत्येक वर्षी एक. प्रत्येकावर तारीख आणि तोच शेरा. असू द्या. असू द्या. असू द्या. शेवटचा बिल्ला वडिलांच्या शेवटच्या वर्षातला. त्याचे ठसे वाकडे पडले होते.

ज्याचा जन्म सैल सांधे हुडकण्यात गेला, त्याने आपल्याच गाडीतला सैल सांधा दर वर्षी आसन उचलून तपासला होता, आणि दर वर्षी पुन्हा तसाच झाकला होता. वडील कामावर सायकलने जात. गाडी त्यांनी एकट्यासाठी कधी काढली नाही. गल्ली याला काटकसर म्हणत असे.

"एकोणचाळीस," दशांशराव म्हणाले.

आई बाकावरून उठून मागे येऊन उभी राहिली होती. "एकोणचाळीस?" ती म्हणाली. "आवाजावरून मला अडतीस वाटायचे."

ते वळले. "तुला माहीत होतं?"

"बसायचे कोण त्यावर? सांधा तापला की खालून ऊब यायची. थंडीत बरं वाटायचं, उन्हाळ्यात चटके. ही घडी काय मी हौसेनं नेत होते?"

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला सांगितलं होतं का?"

"आणि मला?"

"तुला सांगितलं की. बावीस वर्षांपूर्वी. मी बसते म्हटलं होतं. तू म्हणालास, यंत्राला भावना नसतात." तिने घडीवरची धूळ झटकली. "मी म्हटलं, नसतील."

दशांशरावांनी शेवटचा बिल्ला पुन्हा एकदा अंगठ्याने पुसला.

मिस्त्री पान्हा घेऊन पुढे झाला. पाचाला वीस मिनिटे कमी होती. "पाच मिनिटांचं काम आहे साहेब. आवळला की झालं. मग कोणी बसायची गरज नाही."

सगळे दशांशरावांकडे बघत होते. चाचणी एकट्या चालकाची, गेटाशी टेम्पो, आणि दोष डोळ्यांसमोर उघडा.

"नको," ते म्हणाले.

मिस्त्रीने पान्हा खिशात ठेवला. बहुधा त्यालाही तेच हवे होते. पण निरीक्षक नियमाचा होता. त्याने जाडजूड पुस्तक मागवले, पान काढले आणि बोट ठेवून वाचू लागला. "'चाचणीच्या वेळी वाहनात चालकाव्यतिरिक्त अनावश्यक व्यक्ती असू नये.'" तो थांबला. त्याने ते वाक्य पुन्हा वाचले. "अनावश्यक," तो म्हणाला. "साहेब, तुमचा प्रयोग लेखी द्याल?"

दशांशरावांनी वहीचे पान फाडून सही करून दिले. निरीक्षकाने ते जोडले आणि अर्जावर लिहिले: 'मागील डाव्या आसनावरील व्यक्ती हा सुरू करण्याच्या यंत्रणेचा भाग आहे, असे प्रयोगाने सिद्ध झाले आहे.' मग पुढचा रकाना आला. त्याने वर पाहिले.

"आजी, इथं विचारलंय, सदर भाग मूळ आहे की नंतर बदललेला?"

"पहिल्या दिवसापासून मीच आहे," आई म्हणाली.

त्याने 'मूळ' असे लिहिले आणि वर शिक्का मारला.

आसन परत बसवण्याआधी दशांशरावांनी पुढच्या कप्प्यातून पत्र्याचा डबा काढला. कोरा बिल्ला दगडावर ठेवून त्यांनी आजची तारीख ठोकली. त्यांची रेघ सरळ आली नाही. ती का आली नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी पुन्हा ठोकली नाही. खाली शेरा घातला आणि बिल्ला शेवटच्याच्या शेजारी तारेने बांधला.

तीनही वेळा थोरली पहिल्या खोकल्याला सुरू झाली. शिपायाने गेटाची दोन्ही कवाडे उघडली. एरवी तो एकच उघडत असे. स्टेशनमास्तर पुढे बसले, मिस्त्री मागे उजवीकडे. दशांशराव बोनेटपाशी गेले, इकडेतिकडे पाहिले, आणि दोन थापा मारून आत येऊन बसले. याला कसलेही कारण नव्हते. चोक दोन बोटे ओढून, मागे न बघता त्यांनी विचारले, "निघूया का?"

"नीघ बाबा," आई म्हणाली. "पाच वाजले. गेट लावतील."

पिवळा हात टक्‌ करून बाहेर आला. गेटातून डावीकडे वळताना मागच्या कोपऱ्यातून किणकिण झाली. आईने मान जराशी कलती करून ती शेवटपर्यंत ऐकली.

"आता चाळीस," ती म्हणाली.